घाई घरातच शिजते

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली, की घराघरांत याद्या सुरू होतात. कुणाला माहेरी जायचं असतं, कुणाला गावी सासूबाईंकडे, कुणाला अष्टविनायक करायचे असतात, तर कुणाला कोकणात जाऊन चार दिवस नुसता समुद्र बघायचा असतो. मग चिवड्याचा डबा कुठल्या पिशवीत, धाकट्याचा स्वेटर, आजोबांच्या गोळ्या, पाण्याच्या बाटल्या, गाडी लागणाऱ्यांसाठी आवळासुपारी आणि लिंबू, असं सगळं आठवून आठवून भरलं जातं. किल्ली शेजारी, दूधवाल्याला निरोप, गॅस बंद. आपल्या हातून काही राहत नाही, असा आपला लौकिकच आहे!

पण या यादीत एक ओळ बहुधा नसते. गाडी कशी चालवायची, हे कधी ठरवायचं आणि कुणी? ते आपण सरळ 'ह्यां'च्यावर किंवा भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरवर सोपवून मोकळ्या होतो. स्टिअरिंग ज्याच्या हातात, त्याचं ते काम. आपण मुलांना सांभाळायचं, खाऊ पुढे करायचा आणि घाट लागला की डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचं! आता आपल्यापैकी कितीतरी जणी स्वतः गाडी चालवतात. त्यांनाही आजचं बोलणं लागू आहेच.

महामार्गावरच्या बेफिकिरीचा विषय निघाला, की आपण ट्रकवाल्यांना नावं ठेवतो, मोटारसायकली उडवणाऱ्या पोरांना ठेवतो, खड्ड्यांना आणि सरकारला ठेवतो. त्यात खोटं काही नाही. पण मला वाटतं, घाई ही सगळीच्या सगळी रस्त्यावर जन्माला येत नाही. ती पुष्कळदा आपल्या घरातच शिजते आणि मग चार चाकांवर बसून बाहेर पडते. जे घरात शिजतं, ते आपल्याला उतरवूनही ठेवता येतं, नाही का?

दहा मिनिटांचा हिशेब

आधी थोडे आकडे सांगते. कंटाळू नका, आकडे आपल्याच घरांचे आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे दिवसाला सरासरी चारशे साठ. यांतले शंभरातले साठ मृत्यू राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांवर झाले. देशातल्या एकूण रस्त्यांत या महामार्गांची लांबी किती? जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास. आणि मृत्यूंच्या कारणांत सर्वांत वर काय? अतिवेग. शंभरातले एकाहत्तर मृत्यू त्याच्या खाती लिहिलेले आहेत.

आता वेगाने मिळतं काय ते पाहू. मी शाळेत काळ-काम-वेगाची गणितं शिकवते, तेव्हा मुलं विचारतात, 'बाई, ह्याचा पुढे उपयोग काय?' उपयोग हा! मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा तो साधारण ९५ किलोमीटरचा होता. हिशेबाला सोपं म्हणून आपण १०० धरू. ताशी १०० च्या वेगाने हे अंतर कापायला ६० मिनिटं लागतात. तेच ताशी १२० ने गेलं तर ५० मिनिटं. वाचली किती? दहा मिनिटं. तीसुद्धा वाटेत टोल नाका, घाट, गर्दी काहीच आडवं आलं नाही तर. एवढा वेळ तर आपण पोचल्यावर पहिल्या चहाची वाट बघण्यात घालवतो!

आणि या दहा मिनिटांसाठी मोजायचं काय? गाडी ताशी १०० ने धावत असते तेव्हा ती एका सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. समोर काही आडवं आलं, तर ते डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक-दीड सेकंद सहज जातो. मग ब्रेक लागून गाडी उभी राहते. हे सगळं धरून कोरड्या रस्त्यावरसुद्धा ८० ते १०० मीटर लागतात. पावसात त्याहून जास्त. वेग १०० चा १२० केला, तर वेग एक-पंचमांशानेच वाढतो. पण धडकेचा जोर जवळजवळ दीडपट होतो. कारण तो जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. हे गणित एकदा मुलांना घेऊन वहीवर करून बघा. बाबांना ते मुलांच्या तोंडून ऐकायला मिळालं, तर आणखी चांगलं!

मोबाइलचंही तेच. 'कुणाचा फोन आहे एवढंच बघितलं' असं म्हणतात. बघायला तीन सेकंद लागले, तर ताशी १०० च्या वेगात तेवढ्यात ८० मीटरांहून जास्त अंतर डोळे मिटून कापल्यासारखं झालं. आपण भाजी चिरतानासुद्धा नजर विळीवर ठेवतो. मग इथे?

ही घाई येते कुठून?

आता घरात येऊ या. सकाळी सहाला निघायचं ठरलेलं असतं. प्रत्यक्षात साडेसात होतात. का? कारण एकच बाई पाचला उठून पोळ्या करते, मुलांना उठवते, आंघोळी घालते, केर काढते, खिडक्या लावते, देवापुढे दिवा लावते आणि शेवटी स्वतःची साडी नेसते. बाकीची मंडळी तयार होऊन खाली हॉर्न वाजवत असतात! मग गाडीत बसल्या बसल्या शब्द येतो, 'तुझ्यामुळे उशीर झाला, आता भरून काढावं लागणार.' हे 'भरून काढणं' म्हणजेच पुढच्या चार तासांचा धोका. दोष कुणाचा, हा वाद मी घालत नाही. पण कामं वाटून घेतली, बॅगा आदल्या रात्री गाडीत गेल्या, पोळ्यांऐवजी दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या आदल्या दिवशीच झाल्या, तर भरून काढण्यासारखं काही उरतच नाही. महामार्गावरची सुरक्षितता आदल्या रात्रीच्या स्वयंपाकघरात सुरू होते, असं मी म्हणते ते याच अर्थाने.

दुसरी गोष्ट, कौतुक. पाहुणे दारात आले, की आपला पहिला प्रश्न कुठला असतो? 'किती वेळ लागला?' मग भाऊजी अभिमानाने सांगतात, 'कोल्हापूर-पुणे तीन तासांत!' आणि आपण म्हणतो, 'अगबाई, इतक्या लवकर!' झालं. तिथेच बसलेला धाकटा भाऊ मनात ठरवतो, की आपण पावणेतीनला आणून दाखवू. एखादा बिचारा नियमाने गाडी चालवून चार तासांत आला, तर त्याला 'बैलगाडी' म्हणून चिडवतात, आणि त्यात आपणही हसतो. पहिला प्रश्न बदलून बघा ना. 'प्रवास नीट झाला? मध्ये थांबलात का? मुलांना त्रास नाही ना झाला?' ज्या गोष्टीचं कौतुक होतं, ती गोष्ट माणसं पुन्हा करतात. मुलांना वाढवताना हे आपण शिकलोच आहोत.

तिसरी गोष्ट, वाट बघणाऱ्यांचा फोन. 'कुठपर्यंत आलात? अजून साताराच? पानं घेऊन बसलोत.' आई असो, नणंद असो, तिच्या बोलण्यात माया असते. पण त्या मायेने गाडीचा वेग वाढतो. आणि फोन कुणी उचलायचा? गाडी चालवणाऱ्याने! तेव्हा एक नियम घाला : गाडी चालवणाऱ्याचा फोन गाडीत बसल्याबरोबर दुसऱ्याच्या पर्समध्ये जाईल. तुम्ही स्वतः चालवत असाल, तर तुमचा मागच्या सीटवर, मुलाकडे. हातात फोन धरून गाडी चालवणं हे आता मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ प्रमाणे 'धोकादायक वाहन चालवणं' धरलं जातं. सिग्नल तोडणं, उलट्या दिशेने जाणं हेही त्याच कलमात येतं. पहिल्याच गुन्ह्याला दंड किंवा तुरुंगवास, किंवा दोन्ही होऊ शकतं.

बोलायचं कसं?

खरी अडचण इथेच आहे. गाडी भरधाव चालली आहे, पोटात गोळा आला आहे, आणि मागे सासूबाई, दीर, जाऊबाई बसल्या आहेत. अशा वेळी 'अहो, जरा सावकाश' म्हटलं, की उत्तर ठरलेलं : 'तू गप्प बस, मला शिकवू नकोस. वीस वर्षं गाडी चालवतोय.' पुष्कळजणी पुन्हा तोंड उघडत नाहीत.

आमच्या ओळखीच्या एका वहिनींनी यावर मोठी गमतीची युक्ती काढली आहे. यजमानांनी वेग वाढवला, की त्या म्हणतात, 'अहो, मला मळमळतंय.' नव्या गाडीच्या सीटा खराब होतील या भीतीने वेग लगेच उतरतो! ऐकून आम्ही सगळ्या खूप हसलो. पण घरी आल्यावर मला वाटलं, 'भीती वाटते' म्हटल्यावर जो वेग कमी होत नाही, तो सीटा खराब होतील म्हणून कमी होतो, हे काही हसण्यासारखं नाही. आपल्या भीतीची किंमत सीटच्या कापडापेक्षा जास्त आहे, एवढं तरी घरात ठरायला हवं.

म्हणून माझं सांगणं असं, की धावत्या गाडीत वाद नको. तिथे चालवणाऱ्याचं लक्ष उडतं आणि त्याचा मानही आडवा येतो. हे बोलणं आदल्या रात्री, जेवणं झाल्यावर, शांतपणे करा. चार गोष्टी ठरवून टाका : किती वाजता निघायचं, वेग जास्तीत जास्त किती, दर दोन तासांनी कुठे थांबायचं आणि फोन कुणाकडे. मुलांनाही त्यात घ्या. मग गाडीत नवं काही सांगावं लागत नाही. 'अहो, आपलं ठरलंय ना?' एवढं पुरतं. ते टोमण्यासारखं लागत नाही, आणि त्याला नाही म्हणणंही जड जातं.

पट्टा आणि मांडीवरचं बाळ

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात, अहमदाबाद-मुंबई महामार्गावर, उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी उत्तम होती, महागडी होती. पुढे बसलेले दोघे वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. मागच्या सीटवर कोण बसतं हो आपल्याकडे? आपण, मुलं आणि म्हातारी माणसं. 'मागे कशाला पट्टा?' असं म्हणून आपणच तो सीटच्या फटीत खोचून ठेवतो, म्हणजे टोचायला नको! २०२२ मध्ये पट्टा न लावलेले १६,७१५ जण मृत्युमुखी पडले. त्यांतले निम्मे गाडी चालवणारे नव्हते, नुसते बसलेले होते.

साडी चुरगळते, गळ्यातलं रुततं, अवघडल्यासारखं होतं, हे सगळं खरं. लग्नाला जाताना भरजरी साडी पिशवीत ठेवावी, आणि कार्यालयात पोचल्यावर नेसावी. दागिन्यांचंही तेच. वाटेत सुती साडी किंवा पंजाबी ड्रेस काय वाईट?

मांडीवर बाळ घेऊन पुढच्या सीटवर बसणं तर कृपा करून बंद करा. आईच्या हातांइतकं सुरक्षित काही नाही, असं आपल्याला वाटतं. पण ताशी ५० च्या वेगातली गाडी अचानक आदळून थांबली, तर दहा किलोचं बाळ दीड-दोनशे किलोच्या ओझ्यासारखं पुढे फेकलं जातं. ते कुठल्या आईला धरून ठेवता येणार? त्यात समोरची एअरबॅग जोराने उघडते ती वेगळीच. बाळासाठी वेगळी सीट मिळते. ती मागे, पट्ट्याने नीट बांधून वापरावी. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा अशी सीट न वापरल्यास १,००० रुपये दंड आहे, हे २०१९ च्या कायदा-दुरुस्तीत आलं. पण दंडाकडे कशाला बघायचं?

गरोदर बायकांनी पट्टा लावू नये, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. पट्टा लावायचाच, फक्त खालची पट्टी पोटावरून न घेता ओटीपोटाच्या खाली, मांड्यांच्या वरच्या हाडांवरून घ्यायची आणि वरची पट्टी दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या बाजूने.

दुचाकीवर जाणाऱ्या मैत्रिणींनो, मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतंच. २०२२ मध्ये हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण गेले. पदर आणि ओढणी खोचून, गाठ मारून बसा. चाकात अडकून बाई खाली ओढली गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. आणि तान्हं मूल मधे, मोठं पुढे, सामान हँडलला, असं गणपतीला गावी निघणं म्हणजे देवाची परीक्षा बघणं आहे. त्यापेक्षा एस.टी. बरी!

शेजारच्या सीटवरून काय बघायचं?

गाडी चालवता आली नाही, तरी या काही गोष्टी कुणालाही कळतात.

पुढच्या गाडीपासूनचं अंतर. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली, की मुलांना मोजायला सांगा : एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन. तीन म्हणण्याच्या आत आपण त्या खांबाशी पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. पावसात आणि धुक्यात पाचपर्यंत मोजायचं. मुलांना खेळ मिळतो आणि चालवणाऱ्याला आठवण.

उजवीकडची लेन. ती पुढे जाण्यापुरती असते. ओलांडून झालं की परत डावीकडे यायचं. उजवीकडे ठिय्या देऊन बसलेली गाडी मागच्यांना डावीकडून घुसायला लावते, आणि मग घात होतो.

घाट. ज्या गिअरमध्ये चढलो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हर मंडळींचा धडा आहे. इंधन वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, की सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि नेमक्या वेळी लागत नाहीत. खंडाळ्याच्या घाटात किंवा पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर अवजड गाड्यांच्या अपघातांच्या बातम्या येतात, त्यांत पुष्कळदा हेच असतं. म्हणून उतारावर ट्रकच्या आणि कंटेनरच्या पुढे रेंगाळू नये.

थांबणं. द्रुतगती मार्गाच्या कडेला गाडी लावून फोटो काढणं, पोळी-भाजी खाणं, मुलाला 'शू' ला उतरवणं फार धोक्याचं आहे. त्यासाठी ठरवून दिलेल्या जागा असतात, तिथेच थांबा. गाडी बंदच पडली, तर चारही दिवे लुकलुकते ठेवायचे, लाल त्रिकोण मागे बराच लांब ठेवायचा आणि सगळ्यांनी उतरून कठड्याच्या पलीकडे उभं राहायचं. गाडीत बसून राहायचं नाही.

उसाची ट्रॉली. दिवाळीनंतर गळीत हंगाम भरात असतो. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे रात्री उसाने ओसंडून वाहणाऱ्या दोन-दोन ट्रॉल्या चाललेल्या असतात. मागे ना दिवा, ना लाल पट्टी. समोरच्या गाडीच्या प्रखर दिव्यांनी डोळे दिपले, की ती ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. या दिवसांत त्या रस्त्यांनी रात्रीचा प्रवास टाळलेलाच बरा. आणि ज्यांच्या घरी ऊस आहे, ट्रॅक्टर आहे, त्या मैत्रिणींनी ट्रॉलीला चमकणाऱ्या पट्ट्या लागल्यात का, हे एकदा मागे जाऊन बघावं. लक्ष्मीपूजनाला ट्रॅक्टरला हार घालतो, तेव्हाच लावून टाका!

ड्रायव्हर जेवला का?

देवदर्शनाच्या सहली आणि लग्नाची वऱ्हाडं, यांबद्दल वेगळं सांगायलाच हवं. आपण रात्रभर गाडीत झोपत जातो, सकाळी दर्शन घेतो, दुपारी जेवून खोलीवर लवंडतो आणि संध्याकाळी म्हणतो, 'चला, आता परत निघू, म्हणजे एका दिवसाचं भाडं वाचेल.' या सगळ्यात तो ड्रायव्हर कधी झोपला? उन्हात, गाडीतच, पाय दुमडून, अर्धा तास! माणूस आहे तो. पहाटे दोन ते पाच ही झोपेची सगळ्यांत वाईट वेळ. कितीही चहा पाजला आणि गाणी लावली, तरी क्षणभर डोळा लागतोच. आणि त्या एका क्षणाला गाडी २०-२५ मीटर पुढे जाते.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. रस्ता सुंदर आहे. पण सरळ, रिकाम्या, एकसारख्या रस्त्यावर डोळ्यांना काम राहत नाही आणि झापड येते. टायरही लांब पल्ल्यात तापतात. झिजलेला किंवा हवा कमी-जास्त असलेला टायर अशा वेळी फुटतो. निघण्याआधी हवा तपासली का, एवढं विचारायला आपल्याला यंत्रशास्त्र यावं लागत नाही.

याच महामार्गावर १ जुलै २०२३ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि झोपेतले २५ प्रवासी गेले. तेव्हापासून मला वाटतं, रात्रीच्या बसमध्ये चढलं, की पांघरूण काढण्याआधी संकटकाळी बाहेर पडायचं दार कुठे आहे आणि काच फोडायची हातोडी आहे का, हे बघून मुलांना दाखवून ठेवावं.

सहलीचा खर्च मांडताना ड्रायव्हरसाठी एक खोली आणि आपल्याबरोबर दोन वेळचं जेवण धरा. त्याला सहा-सात तास आडवं होऊ द्या. चारशे-पाचशे रुपये वाढतील. गाडीत आपली सगळी माणसं असतात हो!

किल्ली कुणाच्या हाती?

आणखी एक कौतुक आपल्याला आवरायला हवं. 'आमचा बंटी पंधराचाच आहे, पण गाडी काय चालवतो!' लायसन्स नसताना अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. किल्ली टीव्हीजवळच्या खुंटीवर नको, आपल्या कपाटात हवी. मुलगा रुसेल, दोन दिवस जेवणार नाही. रुसू दे. तिसऱ्या दिवशी भूक लागते.

आणि वाटेत दुसऱ्या कुणाचा अपघात दिसला, तर 'पोलिसांचं लचांड नको' म्हणून निघून जाऊ नका. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं कलम १३४अ कायद्यात आहे. आपलं नाव-गाव सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही. ११२ हा आणीबाणीचा, १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, हे तीन नंबर आज कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुलांनाही पाठ करायला लावा.

घाटात शिरताना पाटी दिसते, 'अति घाई संकटात नेई'. तिच्याजवळून आपण शंभरदा गेलो असू. ती पाटी घाटात असते, कारण घाई तिथे दिसते. पण घाई कमी करण्याची जागा घरात आहे. दिवाळीला या वेळी कुणी पाहुणे येणार असतील, माहेरचं माणूस भाऊबिजेला निघणार असेल, तर त्याला फोनवर 'जेवायला नक्की पोचा हं, आम्ही थांबलोय' असं सांगू नका. त्यापेक्षा म्हणा, 'कणीक मळून ठेवलेय. तुम्ही याल तेव्हा गरम पोळ्या टाकीन. सावकाश या.'